आजोबांनी काय काय पाहिलं होतं?

अगं, काल रात्री ग्रुपवर तुझं आणि त्या बी विंगमधल्या मुलाचं जे जुंपलं ते मी शेवटपर्यंत वाचलं. मध्ये पडले नाही. शंभर माणसांदेखत धाकटीची बाजू घेतली की ती सगळ्यांसाठी धाकटीच राहते, म्हणून तिथे गप्प बसले आणि आता तुला एकटीला सांगतेय.

कुणीतरी लालबागच्या एका टॉवरचा फोटो टाकला, खाली जुन्या गिरणीची चिमणी. तो मुलगा म्हणाला, संप केला नसता तर गिरण्या आजही चालू असत्या. तू लिहिलंस, ‘माझे आजोबा त्या संपात होते, त्यांनी सगळं पाहिलंय, गिरण्या मालकांनीच बुडवल्या.’ त्यावर तो, ‘भावना नकोत, फॅक्ट दे.’ मग तुझा तोल गेला आणि तू लिहिलंस की ज्यांच्या घरची चूल विझली नाही त्यांनी या विषयावर तोंड उघडू नये. त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. तुला वाटलं असेल, बरी जिरवली. मला मात्र आजोबांचं वाईट वाटलं. इतकं मोलाचं त्यांनी तुला सांगितलं होतं, आणि त्यातला एक शब्दही त्या लोकांपर्यंत पोचला नाही.

आपण गिरणगावातली माणसं. आपल्याकडे प्रत्येक घराला त्या संपाची आठवण आहे आणि ती दुखरी आहे, म्हणून वादात ती सगळ्यात आधी हाताशी येते. ती बाहेर काढू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. पण बाहेर काढताना तिच्यावर किती भार टाकायचा याचा विचार कर. आजोबांनी ‘सगळं’ पाहिलं होतं का? ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला साचे थांबले ते त्यांनी पाहिलं. सभांना जमणारा माणसांचा समुद्र पाहिला. वाण्याची उधारी, आजीच्या गळ्यातलं डोरलं सावकाराकडे गेलेलं, मुलांना घेऊन गावी काढलेले महिने, हे पाहिलं. यातली एकही गोष्ट कुणी खोडून काढू शकत नाही. पण मालकाच्या वह्यांत काय लिहिलं होतं, मंत्रालयात कोण कुणाला भेटलं, भिवंडीच्या यंत्रमागांवर कुणासाठी कापड विणलं जात होतं, हे आजोबांनी पाहिलेलं नाही. ते त्यांनी नाक्यावर ऐकलं. त्यातलं बरंचसं खरंही निघालं. तरी ऐकलेलं ते ऐकलेलंच.

आपल्या भोईवाड्याच्या कोर्टात जाऊन बस कधीतरी अर्धा दिवस. साक्षीदार उभा राहतो, भरात येऊन सांगायला लागतो, ‘साहेब, त्याने याला मारायचंच ठरवलं होतं,’ आणि समोरचा वकील लगेच अडवतो: तुम्ही स्वतः काय पाहिलंत तेवढं सांगा. १८७२ च्या पुरावा कायद्यातच होतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. पाहिलेल्या गोष्टीबद्दल ज्याने पाहिली त्याने बोलायचं, ऐकलेल्या गोष्टीबद्दल ज्याने ऐकली त्याने. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही हा नियम राहिला. त्यामागे साक्षीदाराचा अपमान नाही, उलट त्याची किंमत राखलेली आहे. जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं की उलटतपासणीत कुणी त्याला हलवू शकत नाही. पाहिलेल्याला जोडून मनातलं एक वाक्य टाकलं की वकील नेमकं तेच धरतो आणि खऱ्याखुऱ्या दहा वाक्यांवरचाही विश्वास उडवून देतो. काल तुझं तेच झालं.

बरं, तो मुलगा ‘फॅक्ट दे’ म्हणाला, पण त्याने स्वतः कुठली दिली? ‘संप केला नसता तर’ ही वस्तुस्थिती नव्हे, अंदाज आहे. जे घडलंच नाही त्याचा आकडा कुठून येणार? गिरण्या संपानंतर बंद पडल्या हे दिसतं. संपामुळेच पडल्या हे वेगळं सिद्ध करावं लागतं. तू चिडली नसतीस तर हे तुझ्या लक्षात आलं असतं. आवाज चढवून पुरावा मागणाऱ्याकडे पुरावा असतोच असं नाही, हे बाहेरच्या जगात तुला फार उपयोगी पडेल, म्हणून सांगून ठेवते.

आणि त्याला द्यायला तुझ्याकडे पुष्कळ होतं गं. संपाच्या आठ वर्षं आधी, १९७४ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण करणारा कायदा केला. त्या यादीत आपली इंडिया युनायटेड होती. दादरला चैत्यभूमीजवळ जिथे आता बाबासाहेबांचं स्मारक होतंय ती इंदू मिल म्हणजे तिचीच सहा नंबरची गिरणी. म्हणजे काही गिरण्यांना दुखणं आधीच जडलेलं होतं. संप चालू असताना मालकांनी भिवंडीतून कापड विणून घेतलं. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या आणखी तेरा गिरण्यांचा कारभार हातात घेतला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच राहिली. गिरणीची शेड पाडून निघणारी जमीन वाटपातून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. लोअर परळला आज जे दिसतं त्याचा उलगडा यातून होतो. आजोबांच्या डोळ्यांना हे दिसण्यासारखं नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांना दिसलं ते या कागदांत नाही. दोन्ही जवळ असताना तू एकावर दुसऱ्याचंही काम टाकलंस.

पण कागद म्हणजे सत्य आणि माणसाचं बोलणं म्हणजे नुसती भावना, असंही डोक्यात घेऊ नकोस. आजकाल शिकलेली मुलं पटकन तिकडे झुकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

आंबेकर मार्गावर मजदूर मंझिल आहे ना, राष्ट्रीय मिल मजदूर संघाची इमारत? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका भागात एका उद्योगासाठी एकच युनियन प्रातिनिधिक. मालकाशी बोलणी करायचा अधिकार तिचा, करारावर सही तिची. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून बिनसलं आणि कामगार घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले. संपात सुमारे अडीच लाख माणसं उतरली ती सामंतांच्या शब्दावर. म्हणजे नोंदवहीत कामगारांचा प्रतिनिधी एक आणि गेटवर कामगार उभे दुसऱ्यामागे. त्या वेळी कुणी ‘फक्त अधिकृत नोंद दाखवा’ म्हणाला असता तर त्याला त्या कागदावरून मुंबईत काय चाललंय याचा पत्ताही लागला नसता. साध्या साचेवाल्याला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. हा कायदाच रद्द करा, ही संपाची एक मोठी मागणी होती. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही, अशीही गिरणगावात त्याची ओळख आहे. माणसं थकून, एकेक करून, मिळेल त्या अटीवर परतली किंवा परतलीच नाहीत.

अडीच लाख हा आकडासुद्धा कुणाकुणाला मोजतो ते बघ. त्यात गिरणीतले कामगार आहेत. त्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका नाहीत. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला या बायकांकडे असायचे. पगार झाला की पैसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात नेण्यासाठी. संप लांबला आणि त्यांची जेवणारी माणसं गावी गेली. उधारी तशीच राहिली. त्यांच्यातल्या एखादीच्या लेखी संप म्हणजे धुवायची ताटं कमी झाली, दळणाचा डबा अर्धा झाला, आणि पीठ उरलेलं असूनही जेवायला कुणी नाही. तुझ्या आजोबांचा संप वेगळा, हिचा वेगळा. रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम मिळेल का म्हणून वाट बघणाऱ्या बदलीवाल्याचा आणखी वेगळा. म्हणून ‘आमच्या घरी असं झालं’ हे अगदी खरं असलं तरी त्याचं ‘सगळ्यांचं असंच झालं’ करताना जपून. तुझ्या एका वाक्यात त्या खानावळवालीचं घर पुसलं जातं आणि तुझ्या ते ध्यानातही येत नाही.

यावरून तुला आपल्या परळच्या हाफकिन संस्थेची गोष्ट सांगायलाच हवी. रोज बसमधून जाताना ती जुनी इमारत तुला दिसते, पण आत काय घडलं हे आपल्याच वस्तीत फार थोड्यांना माहीत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ इथे आला, लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी तयार झाले त्यांना. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आली, तीच ही जागा. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना इथली लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले.

आता त्या गावातल्या एखाद्या बाईने म्हटलं असेल, ‘लस टोचली आणि माझा माणूस मेला,’ तर ती खोटं बोलत होती का? अजिबात नाही. तिने जे पाहिलं ते शंभर टक्के खरं. तिला कुणी आकडे तोंडावर फेकून गप्प करायचं म्हटलं असतं तर मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नसतं. पण ‘का मेला’ हे तिला तिच्या अंगणातून दिसणार नव्हतं. चौकशी नेमली गेली. चौकशीवाले शिकलेले, पदावरचे. त्यांनीही कागद पाहिले आणि ठरवलं की चूक परळच्या प्रयोगशाळेतच झाली, कारण तिथे लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला होता. हाफकिनना पद सोडावं लागलं.

खरं बाहेर कसं आलं ते ऐक. एक म्हणजे मोजदाद: गेलेल्या एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांतली लस टोचलेल्यांना काही झालं नव्हतं. दुसरं म्हणजे दोन साध्या साक्षी. ज्या डॉक्टरने बाटली उघडली त्याला तेव्हा कसलाही वास आला नव्हता; धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर वास आला असता. आणि बाटली उघडायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला. म्हणजे घाण गावात, बाटली उघडताना शिरली. रोनाल्ड रॉससारखे लोक जाहीरपणे हाफकिनच्या बाजूने लिहायला लागले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं.

मला या गोष्टीत ती वासाची साक्ष सगळ्यात मोठी वाटते. डॉक्टर ‘माझा हाफकिनवर विश्वास आहे’ असं म्हणाला असता तर त्याचा कुणाला उपयोग नव्हता. ‘मी बाटली उघडली, वास नव्हता.’ एवढंच. एका माणसाच्या नाकाचा अनुभव, पण इतका नेमका की शहाण्यासुरत्यांच्या चौकशीला त्यापुढे मागे सरावं लागलं. अनुभव असा द्यायचा असतो. केव्हा, कुठे, काय पाहिलं, काय दिसलं नाही. त्याचा अर्थ काय लावायचा हे दुसऱ्या वाक्यात, आणि तो आपला अर्थ आहे असं सांगून.

मग ग्रुपवर तू काय लिहायला हवं होतंस? मी असते तर असं लिहिलं असतं: ‘माझे आजोबा साचेखात्यात होते. संपात आमच्या घरचं डोरलं गेलं, ते परत आलं नाही. गिरण्या कशामुळे गेल्या यावर त्यांचं मत मालकांविरुद्ध होतं. ते बाजूला ठेवलं तरी काही गिरण्या १९७४ मध्येच आजारी म्हणून सरकारने घेतल्या होत्या आणि जमिनीचे नियम २००१ मध्ये बदलले. या दोन गोष्टींबद्दल तुझं काय म्हणणं आहे?’ बस. यात तुझं घर आहे, मत आहे, वस्तुस्थिती आहे, आणि काय कुठलं आहे ते वाचणाऱ्याला कळतं. त्याला उत्तर द्यायला जागाही उरते. ‘तू तिथे नव्हतास’ म्हटलं की माणसाला काही उरत नाही. तसं तर तूही तिथे नव्हतीस, बाळा. तू जन्मलीस तेव्हा डॉक्टर सामंतांचा खून होऊनही काही वर्षं झाली होती.

आणि उलट बाजूनेही सांगते. उद्या कुणी ग्रुपवर लिहिलं की आमच्या आईला अमुक इस्पितळात खूप वेळ बसवून ठेवलं, तर तिथे ‘सरासरी किती वेळ लागतो ते बघा’ म्हणून आकडे टाकू नकोस. ती बाई व्यवस्थेबद्दल सिद्धांत मांडत नाहीये, आईबद्दल सांगतेय. तिला आधी विचारायचं, आई आता कशी आहे. तीच बाई दुसऱ्या दिवशी ‘त्या इस्पितळात कुणी जाऊच नका, माणसं मारतात’ म्हणायला लागली तर मात्र बोलायलाच हवं, कारण आता ती दुसऱ्याच्या आजारपणाचा निर्णय करतेय. केईएम, टाटा, वाडिया, सगळी आपल्या शेजारीच. कुठून कुठून माणसं तिथे येतात आणि आपल्यासारख्यांच्या सांगण्यावर जीव ठेवतात. तिथे एका अनुभवावरून सल्ला देणं मला जोखमीचं वाटतं. जे झालं ते सांगावं, नावं ठेवू नयेत, डॉक्टरकडे पाठवावं.

त्या मुलावरही फार राग धरू नकोस. तो संपावर इतका का चिडतो हे तू विचारलंस का? त्याचेही आजोबा इथलेच. ते संप चालू असताना पोलीस बंदोबस्तात आत कामाला गेले असतील आणि चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं असेल. किंवा ते बदली असतील आणि त्यांचं नाव कुठल्याच यादीत आलं नसेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. ‘फॅक्ट दे’ म्हणणाऱ्याच्या पोटातही पुष्कळदा घरचं काहीतरी असतं, फक्त ते सांगायची त्याला लाज वाटते.

आता कामाचं. आजोबांच्या नावाने म्हाडाच्या घराचा अर्ज भरलेला आहे ना? मग अनुभव आणि पुरावा यातलं अंतर तुझ्या घराला कोणी शिकवायला नको. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली तेव्हा कामगारांचे आणि वारसांचे सुमारे दीड लाख अर्ज होते. अट अशी की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर असला पाहिजे. २०२३ मध्ये पात्रता तपासायची मोहीम निघाली तेव्हाही हेच मागितलं: ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, हजेरीचा पास, ईएसआयचा नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, पगाराची पावती. तीस वर्षं साच्यापुढे उभं राहून बहिरा झालेला माणूस खिडकीपुढे जाऊन ‘मी होतो’ म्हणतो, आणि खिडकीपलीकडचा म्हणतो, दाखवा. मला हे ऐकून संताप येतो. तरीही ज्या घरांनी पिशवीत ते कागद जपले त्यांचंच काम पुढे सरकलं, हेही मी बघितलंय.

म्हणून या रविवारी आजीकडे जा. दुपारी, चहा झाल्यावर, तेव्हा तिचं डोकं निवांत असतं. फोनवर रेकॉर्डिंग लाव, पण तिला सांगून. ‘संपाबद्दल सांग’ असं मोघम विचारू नकोस, नाहीतर ती सगळ्यांनी सांगितलेलंच सांगेल. डोरलं कुठल्या पेढीत ठेवलं, सोबत कोण गेलं होतं, परत येताना दोघं काय बोलले, गावी कुठल्या महिन्यात गेलात, शाळेतून मुलांची नावं काढली का, हे विचार. ‘हे तू पाहिलंस की कुणी सांगितलं?’ हेही प्रेमाने विचार, ती रागावणार नाही. गिरणीचं नाव, खातं, पाळी आणि तिकीट नंबर एका वहीत लिहून घे. कागदांची पिशवी तिच्याकडून मागून घे आणि तिच्यासमोरच उघड. ईएसआयच्या कार्डावरची शाई पुसट व्हायला लागली असेल तर झेरॉक्सला जायच्या आधी उजेडात नेऊन त्याचा फोटो काढ.